खारपाड्याला थेंब

पनवेलच्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, लाल पुठ्ठ्याच्या सात वह्या आहेत. त्यातली कुठलीही उघडली तरी असं काहीतरी वाचायला मिळेल : 'पापड कडक. थेंब खारपाडा. हॉटप्लेट दहा मिनिटं. मिशी दिसली.' खाली दोन सह्या. त्यातली वरची माझी आणि खालची आमच्या सरांची. या वह्यांच्या जोरावर मला पीएच.डी. मिळाली, हे मी परक्या माणसांना सहसा सांगत नाही.

सर आणि मी पेरोव्हस्काइटच्या फिल्म बनवायचो. हा शब्द माझ्या आईला पाच वर्षांत उच्चारता आला नाही. ती 'पापुद्र्याचं काम' म्हणायची आणि ते जास्त बरोबर होतं. इंचभर काचेवर एका पिवळ्या द्रवाचे थेंब टाकायचे, काच गरगर फिरवायची, ती फिरत असतानाच नेमक्या क्षणी वरून दुसऱ्या द्रवाचा एक थेंब सोडायचा आणि मग काच तापवायची. सगळं जमलं तर काचेवर काळा, आरशासारखा चकचकीत पापुद्रा धरतो. त्यावर प्रकाश पडला की त्यातून वीज वाहते, सावली आली की थांबते. म्हणजे प्रकाश ओळखणारा एक डोळाच तो. नाही जमलं तर काचेवर दुधाळ डाग उरतात आणि आपण पुन्हा काच धुवायला लागतो.

या पापुद्र्याचा एकच हाडवैरी आहे : दमट हवा. असं काम करायला माणसाने खरं तर वाळवंटात जावं. सरांनी पनवेल निवडलं, जिथे मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकून ठेवावे लागतात. मोठ्या संस्थांत यासाठी हवाबंद, महागडी पेटी असते. आमच्याकडे माशांची टाकी होती. सरांनी ती बाजारातून आणली, उपडी घातली, बाजूला दोन भोकं पाडून त्यात भांडी घासायचे लांब रबरी हातमोजे बसवले, आणि हवा कोरडी राहावी म्हणून आत स्वतःच्या जुन्या मोज्यांत सिलिका जेल भरून टांगलं. टाकीच्या एका कोपऱ्यात नारंगी माशाचं स्टिकर शेवटपर्यंत होतं. पाहुणे त्या माशाकडे बघायचे आणि सर म्हणायचे, "तो मोजू नका, तो आमच्या स्टाफवर नाही."

सिलिका जेलच्या पुड्यांसाठी सरांनी सगळ्या पनवेलला कामाला लावलं होतं. बाजारातला एक चपलांचा दुकानदार त्यांच्यासाठी बुटांच्या खोक्यांतल्या पुड्या पिशवी भरून ठेवायचा. सर विचुंब्याला नव्या इमारतीत राहायचे, तिथल्या सोसायटीच्या सूचनाफलकावर 'कृपया पुड्या फेकू नयेत, दुसरा मजला' अशी त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. कुणाच्या लग्नाला गेले तर आहेराच्या खोक्यांकडे त्यांचं ज्या आशेने लक्ष असायचं ते बघून मला लाज वाटायची.

हवेतला ओलावा मोजायचं यंत्र आमच्याकडे होतं, पण सरांचा विश्वास पापडावर. रोज सकाळी ते घरून भाजलेला उडदाचा पापड डब्यातून आणत. आत शिसं असलेली रसायनं, त्यामुळे खाण्याची वस्तू प्रयोगशाळेत न्यायची नाही हा त्यांचा कडक नियम. म्हणून पापड बाहेर पॅसेजमधल्या टेबलावर ताटलीत ठेवायचा, तास झाला की मोडायचा. कडकडून मोडला तर काम. वाकला तर त्या दिवशी वाचन. ओल्या छत्र्या जिन्यातच. मी एकदा केस धुऊन आले, तर मला पॅसेजमधल्या पंख्याखाली अर्धा तास उभं केलं. "अगं, माणूस म्हणजे आधीच चालतंबोलतं पाण्याचं भांडं," सर म्हणाले, "वरून तू अजून भरून आलीस!" याच कारणाने आतल्या खोलीत तीनच माणसं. सर, मी आणि म्हात्रे मावशी. चौथा आला की सर चौघांपैकी एकाला बाहेर काढायचे, आणि तो एक बहुतेक वेळा पाहुणाच असायचा.

म्हात्रे मावशी आमच्या लॅबमध्ये मदतनीस होत्या. काचा धुण्याचं काम त्यांचं. साबण, पाणी, मग दोन वेगवेगळी रसायनं, मग वाळवण. मावशींनी धुतलेल्या काचेवर बोटाचा ठसा शोधून दाखवणाऱ्याला सरांनी चहा कबूल केला होता. तो चहा कुणाला मिळाला नाही.

बिघडलेल्या प्रत्येक फिल्मपुढे वहीत कारण लिहायचं, हाही नियम. पहिल्या आठवड्यात मी 'दमट हवा' असं लिहून वही पुढे केली. सरांनी पेन बंद केलं.

"हे कारण नाही. हे पनवेल आहे."

"मग काय लिहू सर?"

"जे तुझ्या डोळ्यांनी बघितलंस, कानांनी ऐकलंस, ते लिही. नसेल बघितलं तर 'माहीत नाही' लिही. त्यात लाजायचं काय?"

त्यामुळे माझी पहिली वही 'माहीत नाही'ने भरलेली आहे. कारण खोटं वाटलं तर सर सही करत नसत, आणि सहीशिवाय ते पान माझ्या कामात धरलं जात नसे.

फिल्म पास झाली हे ओळखायची खूण मात्र सोपी होती. तयार काच चिमट्यात धरून सर डोळ्यांसमोर न्यायचे. चकाकी चांगली असली की शर्टाच्या खिशातून छोटा कंगवा काढायचे आणि त्या इंचभर काचेत बघून मिशी विंचरायचे. मग काच वीज मोजायच्या मीटरला जोडून तिच्यावर टॉर्च मारायचे, आणि काटा वर गेला की खुशीत येऊन म्हणायचे, "दिसला गो तिला उजेड!" एरवी सर अगदी शुद्ध, पुस्तकी बोलत. आनंद झाला की मात्र गावची बोली वर येई. आकडे, आलेख हे नंतर. माझ्यासाठी निकाल लागायचा तो कंगव्यावर.

आता त्या खारपाड्याबद्दल.

दुसरा थेंब सोडायचा क्षण फार अवघड. दोन सेकंद इकडेतिकडे झाले तरी फिल्म गेली. डोळे काचेवर, हात हातमोज्यात, हातात थेंबाची नळी. मग घड्याळ बघायचं कुणी? मी मोबाइलचा टायमर लावायचं सुचवलं. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मासे पाळूया म्हटलं होतं.

"टायमर वाजतो तेव्हा वेळ झालेली असते," ते म्हणाले. "कंडक्टर सांगतो ती वेळ येत असते. तुला उतरायचंय ना? मग आधीचा स्टॉप कळायला नको?"

सरांचे वडील एसटीत कंडक्टर होते, पनवेल-पेण गाडीवर. लहानपणी सुट्टीत सर दिवसदिवस वडिलांशेजारी बसून फिरायचे. वडील ज्या ठेक्यात स्टॉप पुकारायचे तो त्यांच्या अंगात इतका मुरला होता की काच फिरायला लागली की ते त्याच आवाजात सुरू करायचे : पनवेल... पळस्पे... शिरढोण... चिंचवण... कर्नाळा... तारा... खारपाडा! खारपाड्याला मी थेंब सोडायचा. मी एकदा चोरून घड्याळ लावून बघितलं. पंधरा सेकंद. पुन्हा लावलं, पंधरा सेकंद. नंतर लावायचं सोडून दिलं. पुढचं जिते आणि पेणही ते पुकारायचे, काच थांबेपर्यंत. गाडी अर्ध्या वाटेत सोडायची नाही म्हणून.

या यादीत एकच नाव ते जरा लांबवून म्हणायचे, ते चिंचवण. त्याचीही गोष्ट होती आणि ती मी किमान वीस वेळा ऐकली. सरांच्या मोठ्या बहिणीला चिंचवणला दिलं होतं. वडिलांची गाडी यायच्या वेळेला ती स्टॉपवर उभी असायची, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. कधी तांदळाच्या भाकऱ्या, कधी वालाच्या शेंगा. ते गाठोडं खिडकीतून आत येईपर्यंत, आणि तिने धाकट्या भावाचा गाल ओढेपर्यंत, वडील गाडी सोडायची घंटी द्यायचेच नाहीत. ड्रायव्हर मागे वळून वळून बघायचा. "सगळी गाडी खोळंबायची," सर सांगायचे, "आणि बापूस आमचा खुशाल तिकिटं मोजल्याचं नाटक करायचा." हे सांगताना त्यांचा हात स्वतःच्या गालावर जायचा.

चार वर्षं आमचं असं बरं चाललं होतं. मग एका श्रावणात सर तीन दिवस आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, घरी जरा काम होतं. आम्ही पापड मोडला, कामाला लागलो, आणि त्या दिवसापासून आमच्या फिल्म बिघडायला लागल्या.

एक नाही, दोन नाही, सगळ्या. मळकट, भोकाभोकांच्या. टॉर्च मारला की मीटरचा काटा जरासा हलायचा आणि बसायचा. आम्ही रसायनांच्या बाटल्या बदलल्या. मोज्यांतलं सिलिका जेल ओव्हनमध्ये पुन्हापुन्हा वाळवलं. सरांनी पापडाची कंपनीसुद्धा बदलली. शेवटी संशय मावशींच्या नव्या साबणावर गेला. सर त्यांना चक्क लागेल असं बोलले. त्या दिवसापासून मावशींच्या हातून काचा टेबलावर ठेवताना आवाज व्हायला लागला. माझ्या वहीत पुन्हा 'माहीत नाही'च्या रांगा लागल्या. कंगवा खिशातून निघेना.

यात माझा जीव टांगणीला लागला होता. आदल्या वर्षी आमच्या कामाची तपासणी करणाऱ्या समितीने स्पष्ट सांगितलं होतं, की पुढच्या खेपेला आमच्यासमोर फिल्म बनवा, तिला प्रकाश ओळखता येतो हे दाखवा, नाहीतर विषय बंद करा. विषय बंद म्हणजे माझी चार वर्षं बंद. वडिलांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका ओळखीच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्दही टाकून ठेवला होता. वाईट नोकरी नव्हती ती. पण रात्री जेवताना ते मुद्दाम काही विचारत नसत, आणि मला ते विचारण्यापेक्षा जास्त टोचायचं.

समिती यायच्या चार दिवस आधी सरांना परीक्षेच्या ड्युटीवर दुसऱ्या इमारतीत जावं लागलं. पापड तर कडक होता. आता पुकारणार कोण? मला आठवलं की वर्षभरापूर्वी घरी सराव करायला म्हणून मी सरांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला होता. आईने तेव्हा काळजीने विचारलं होतं, तू पेणला कशाला चाललीस? मी मोबाइल टाकीशेजारी ठेवला, काच फिरवली, खारपाड्याला थेंब सोडला. हॉटप्लेटवर पिवळ्याची तपकिरी झाली, तपकिरीची काळी. चिमट्यात धरून बघितली तर माझं नाक दिसलं.

मी पुन्हा केली. पुन्हा नाक. तीच रसायनं, तोच साबण, तीच मी. मी खुळ्यासारखी मोबाइलकडे बघत बसले. मावशी कोपऱ्यात काचा वाळवत होत्या. त्या हात पुसत आल्या.

"ह्यात चिंचवण हाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आता सर चिंचवण बोलत नाय. शिरडोनवरना गाडी सरल कर्नाल्याला नेतान. तुमाला म्हाईत नाय?"

मला माहीत नव्हतं. तीन महिने मी रोज ऐकत होते आणि ऐकलं नव्हतं. माझे कान फक्त खारपाड्यासाठी उघडे असायचे. "कधीपासून?" मी विचारलं.

"त्यांची मोठी बहीन वारली ना श्रावनात. आमी गेलेलो. तवापास्ना. सर कोनाला बोलले नाय, म्हनून आमी पन गप राहिलो."

एक स्टॉप गळला होता. दोन-अडीच सेकंद. थेंब तेवढा आधी पडत होता. मी तिथल्या स्टुलावर बसून रडले, आणि ते फिल्मसाठी नव्हतं. ज्या माणसाच्या मोज्यांपासून मिशीपर्यंत सगळ्याची मी घरी नक्कल करून दाखवायचे, त्याच्या घरी काय झालं हे मला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

आता करायचं काय? सरांना सांगावं तर कसं सांगावं? तुमच्या तोंडून एक नाव निसटतंय, आणि का निसटतंय तेही मला कळलंय, असं? मी हिशेब केला. चिंचवण गेली तर पंधरावा सेकंद जित्याला येतो. मुकाट्याने थेंब जित्याला सोडायचा. फिल्म होईल, समिती खूश होईल, सरांना कळणारही नाही. मावशी म्हणाल्या, बरोबर हाय. आमचं ठरलं.

समितीची तीन माणसं आली. तीनचा नियम मोडून सरांनी त्यांना आत घेतलं नाहीच. तिघं पॅसेजमध्ये, पापडाच्या ताटलीशेजारी, काचेच्या दारातून आत बघत उभी राहिली. त्यातल्या वयस्क मॅडमना मी पापडाचा तुकडा उचलून बघताना पाहिलं. मी हातमोज्यांत हात घातले. बटण दाबलं.

"पनवेल," सरांनी सुरू केलं. "पळस्पे..."

मी थेंबाची नळी धरली. जिते, जिते, मनात घोकत होते.

"शिरढोण..."

आणि मला ते जमेना. ती बाई तिथे फडक्यात भाकऱ्या बांधून उभी असेल आणि गाडी तिच्यासमोरून भरधाव निघून जाईल, असं काहीतरी मला दिसलं. माझ्याच्याने ती गाडी तशी जाऊ देववेना. सर 'कर्नाळा' म्हणायच्या आत मीच पुकारलं, "चिंचवण!"

मी सरांकडे वळून बघू शकत नव्हते, डोळे काचेवर होते. सर आता थांबले असते तर सगळंच संपलं होतं.

"कर्नाळा," सर म्हणाले. आवाज घोगरा होता, ठेका बरोबर होता. "तारा... खारपाडा!"

मी थेंब सोडला.

काच काळी झाली. टॉर्च मारला, काटा सरकन वर गेला. मी मध्ये हात धरला, काटा खाली. हात काढला, वर. दाराबाहेरच्या मॅडमनी विचारलं, "ही गावांची नावं कसली?" सर म्हणाले, "पंधरा सेकंद, मॅडम." मग त्यांनी काच हातात घेतली, खिशातून कंगवा काढला आणि समितीदेखत मिशी विंचरली. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. कारण डोळे पुसायला तेवढीच आडोशाची जागा होती.

समिती गेल्यावर त्यांनी विचारलं, "मी म्हणत नव्हतो?"

"नाही सर."

"कधीपासून?"

"श्रावणापासून."

ते स्टुलावर बसले. "अगं, मला वाटायचं मी म्हणतोय. रोज म्हणतोय असंच वाटायचं." मग म्हणाले, "म्हणजे इतक्या फिल्म मी बिघडवल्या, आणि बोललो मावशींच्या साबणाला." ते उठले आणि मावशींकडे गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण मावशींचा आवाज आला, "ऱ्हाऊ द्या ओ सर." त्या दिवसापासून काचा पुन्हा आवाज न होता टेबलावर यायला लागल्या.

"चिंचवण तूच म्हणत जा," सरांनी मला सांगितलं. "मला नाही जमायचं." पुढे वर्षभर आमची गाडी दोन कंडक्टरांवर चालली. शिरढोणपर्यंत सर, चिंचवणला मी, तिथून पुढे पुन्हा सर. फिल्म उत्तम होत होत्या, आणि प्रबंधात मी सगळीकडे 'पंधरा सेकंद' असं अगदी शहाण्या माणसासारखं लिहिलं.

प्रबंध देण्याआधीच्या शेवटच्या फिल्मच्या दिवशी पापड असा कडकडला की पॅसेजभर तुकडे उडाले. मी काच फिरवली. पनवेल, पळस्पे, शिरढोण. मी तोंड उघडलं.

"चिंऽऽचवण," सर म्हणाले.

लांबवलं, पूर्वी लांबवायचे त्याच्या दुप्पट लांबवलं. ठेका केव्हाच मोडला होता. मग कुठे कर्नाळा आला, तारा आलं, खारपाडा आला. मी इमानाने खारपाड्यालाच थेंब सोडला, पण तोवर उशीर झाला होता. फिल्म दुधाळ झाली, पार वाया गेली.

मी वही उघडली. कारणाच्या रकान्यात, जे कानांनी ऐकलं होतं तेच लिहिलं : 'गाडी चिंचवणला जास्त वेळ थांबली.'

सरांनी ते वाचलं. त्यांचा एक हात गालाकडे गेला होता, दुसऱ्या हाताने त्यांनी खाली सही केली.